फायबर होडीच्या मागच्या फळीतून पुन्हा पुन्हा पाणी येत असेल तर

संध्याकाळी होडी उपसून कोरडी बांधली, आणि सकाळच्या भरतीला पाहावं तर इंजिनापाशी दोन बादल्या पाणी. उपसलं, मागच्या फळीच्या तळाशी पाणी सोडायला असतं ते बूच आवळलं. दुसऱ्या दिवशी तेवढंच. मग कुणीतरी सिलिकॉनची ट्यूब आणून बाहेरून फासतं, आठ-दहा दिवस बरे जातात आणि पाणी परत येतं. नवी मुंबईच्या खाडीकाठी दिवाळे, सारसोळे, वाशी गाव ते पार ऐरोलीपर्यंतच्या होड्यांवर मी हेच काम वर्षानुवर्षं करत आलोय. होडीचा मालक बदलतो, इंजिन बदलतं, दुखणं तेच असतं. म्हणून एकदा सगळं क्रमाने लिहून काढतोय.

ज्या फळीवर आउटबोर्ड इंजिन बसतं ती मागची फळी, म्हणजे ट्रान्सम. म्हणायला फळी, पण तिच्या पोटात तीन थर असतात: बाहेर फायबर, आत फायबर आणि मधे प्लायवूड. मिळून जाडी साधारण ३८ ते ४५ मिलिमीटर. इंजिनाचं वजन आणि धक्का हे मधलं लाकूड झेलतं. त्यामुळे या फळीला दोन प्रकारची गळती होते. एक, पाणी आरपार होडीत येतं, ते तुम्हाला दिसतं. दुसरी, पाणी बाहेरून शिरतं आणि लाकडातच मुरतं, होडीत थेंबही येत नाही. नाखवा पहिलीला घाबरतो. माझा जीव दुसरीमुळे वर-खाली होतो, कारण आत आलेलं पाणी डब्याने उपसता येतं, कुजलेलं लाकूड उपसता येत नाही.

आधी लक्षणं नीट बघा

पाणी कधी येतं यावरून ते कुठून येतं याचा बराच अंदाज लागतो. म्हणून दुरुस्तीला हात घालण्याआधी दोन-तीन दिवस नुसतं निरीक्षण करा, जमलं तर वहीत लिहा.

होडी उभी असतानाच पाणी भरत असेल तर भोक पाण्याच्या रेषेखाली आहे. बूच, खालचे स्क्रू, इंजिनाचे खालचे दोन बोल्ट किंवा तळाचा कोपरा. उभी असताना कोरडी आणि इंजिन चालवल्यावरच पाणी, असं असेल तर इंजिनाच्या जोराने काहीतरी उघडतंय: बोल्टची भोकं किंवा फळी आणि बाजू जिथे जुळतात तिथला तडा. मागे चार माणसं बसली किंवा बर्फाचा खोका ठेवला की पाणी वाढतं, तर दोष पाण्याच्या रेषेच्या जरा वर आहे.

आता लाकडात मुरणाऱ्या पाण्याची लक्षणं. बोल्टच्या टोपीखालून तपकिरी ओघळ उतरलेला दिसतो. रंगाला फुगे येतात, विशेषतः बुचाच्या आजूबाजूला. होडी ओढून वर ठेवल्यावर दोन दिवसांनीही एखाद्या स्क्रूतून चहासारखं पाणी ठिबकत राहतं. आणि ज्याच्याकडे कुणाचं लक्ष जात नाही ते लक्षण: इंजिनाचे नट दर महिन्याला थोडे थोडे आवळावे लागतात. लोकांना वाटतं नट ढिले होतायत. नट जागेवरच असतात, त्यांच्याखालचं लाकूड मऊ पडून वायसर आत रुततोय. हे दिसलं तर खालच्या बाकीच्या तपासण्यांत वेळ न घालवता थेट लाकडाच्या तपासणीकडे जा.

सिलिकॉन आधी बाजूला ठेवा

घरात बेसिनला लावतात ते सिलिकॉन, ज्याला व्हिनेगरसारखा आंबट वास येतो, ते या कामाचं नाही. फायबरवर ते पाण्याखाली फार दिवस धरत नाही. त्याहून मोठं नुकसान म्हणजे ते काढल्यावरही मागे एक तेलकट थर राहतो आणि त्या थरावर ना रंग चिकटतो, ना रेझिन (फायबर जोडणारा, वाळून कडक होणारा द्रव), ना चांगलं सीलंट. दोन मिनिटांच्या फासण्यामागे पुढच्या माणसाचा अख्खा दिवस घासण्यात जातो.

बाहेरून फासण्याचा आणखी एक तोटा असा की पाणी शिरायचं तोंड झाकतं आणि नेमकी जागा सापडत नाही. आधीच शिरलेलं पाणी तर आत कोंडून राहतं.

तपासणी, फुकटच्यापासून सुरुवात

पहिला प्रश्न: हे पाणी खाडीचंच आहे का? हसू नका. पावसाचं, बर्फ वितळल्याचं किंवा रिव्हर्स घेताना फळीवरून उडून आलेलं पाणी मागच्या खळग्यातच गोळा होतं. पाणी चाखून बघायला जाऊ नका, ठाणे खाडीचं पाणी तोंडात घेण्यासारखं नाही. एक चमचाभर स्टीलच्या ताटलीवर घेऊन उन्हात वाळवा. मागे पांढरा खार राहिला तर खाडीचं. पावसाळ्यात खाडीच पातळ होते, तेव्हा ही युक्ती तेवढी खात्रीची नाही. त्या दिवसांत ताडपत्री घालून एक रात्र पाहा.

मग वजन. पेट्रोलची टाकी, बॅटरी, बर्फ, जाळी आणि वर तीन माणसं, सगळं मागे. त्याने होडीची मागची बाजू खाली बसते आणि पाणी बाहेर जायला ठेवलेली भोकंच पाण्याखाली जातात. पंपाच्या पाइपाचं तोंड बाहेर किती उंचीवर आहे तेही बघा. ते बुडालं की पंप बंद केल्यावर त्याच पाइपातून पाणी उलटं आत येऊ शकतं. सामान पुढे सरकवून एक भरती काढा. फरक पडला तर पाइपाचं तोंड वर घ्या आणि पाइपाला आत एक उंच वळसा द्या. काम संपलं.

तिसरं बूच. रबराची वायसर पेट्रोल-तेलाने कडक होते, ती काही रुपयांत बदलते, ती आधी बदला. आट्यांमध्ये चिखल असतो. आपल्या होड्या ओहोटीला चिखलात बसतात, आणि तो बारीक गाळ आट्यांत बसला की बूच घट्ट वाटतं पण पूर्ण बसलेलं नसतं. जुन्या टूथब्रशने आटे साफ करा, बूच हाताने शेवटपर्यंत जातंय ना बघा.

पण बूच कोरडं असून त्याच्या भोवतालची पितळी चकती ओली असेल तर बूच कितीही बदला, उपयोग नाही. ती चकती दोन-तीन छोट्या स्क्रूंनी प्लायवूडमध्ये बसवलेली असते, आणि काही होड्यांत आरपार पितळेची नळी असते, जिचं दुमडलेलं तोंड खाऱ्या पाण्याने झिजून चिरतं. माझ्या अनुभवात फळी कुजायला सगळ्यात जास्त वेळा इथूनच सुरुवात होते, कारण ही जागा सगळ्यात खाली आहे आणि कारखान्यात या भोकाच्या आतल्या उघड्या लाकडाला रेझिन पाजायचं राहून गेलेलं असतं. शिंपले, कालवं खरवडताना लोखंडी पट्टी याच चकतीवर आपटते, तेही एक कारण. चकतीचे स्क्रू काढा आणि भोकात टूथपिक घाला. टूथपिक कोरडी आली तर स्वच्छ करून, सीलंट भरून परत बसवा. ओली, काळी आली तर फळीचं लाकूड तपासावं लागेल.

उलटी चाचणी: पाणी आतून भरा

एवढ्याने सापडलं नाही तर ही चाचणी करा. मला या कामातली ही सगळ्यात आवडती, कारण हिच्यात अंदाजाला जागा नाही.

होडी पाण्याबाहेर काढा, बाहेरची मागची बाजू पुसून पूर्ण वाळवा. नाळ, म्हणजे होडीचं पुढचं टोक, थोडी वर उचलून टेकू द्या, म्हणजे पाणी मागे जमेल. टेकू तळाच्या मधल्या मजबूत कण्याखाली हवेत, फळीखाली नाही. पेट्रोलची टाकी आणि बॅटरी खाली उतरवून लांब ठेवा. फळीवर बाहेरून टाल्कम पावडर किंवा खडूचा भुगा हलक्या हाताने मारा. मग आत गोडं पाणी भरा आणि त्यात कपड्यांची नीळ घाला. पाणी बेतानेच. २०० लिटरचं एक पिंप म्हणजे २०० किलो वजन, आणि जमिनीवर होडीला पाण्याचा आधार नसतो. खालचे बोल्ट बुडतील एवढं पुरे. फ्लोअरखाली फोम भरलेली होडी असेल तर हे करू नका, फोम पाणी पिऊन बसेल.

अर्धा तास बसून राहा. पावडरवर निळी रेघ जिथून सुरू होते ती जागा पेन्सिलने खुणावा. रेघ जिथे संपते ती नव्हे, जिथून सुरू होते ती. आत ज्या ठिकाणी स्क्रू आहे, बाहेर त्याच ठिकाणी निळं आलं तर सरळ आरपार गळती, सोपी. पण आत जिथे काहीच भोक नाही अशा जागी बाहेर निळं उमटलं, तर पाणी लाकडातून फिरून आलंय. तेव्हा सीलंटचा विचार सोडा.

माझ्या चुलत्याच्या होडीला दीड वर्ष पाणी येत होतं. तीन बुचं बदलली, त्यातलं एक मीच बदललं होतं. ही चाचणी केली तेव्हा निळी रेघ बुचापासून वीतभर बाजूला, रंगाखालून सुरू झाली. रंग खरवडला तर आत चार छोटी भोकं. पूर्वी कधीतरी मासे दाखवणाऱ्या यंत्राचा सेन्सर तिथे लावलेला होता. यंत्र काढलं, भोकांत पुट्टी दाबली आणि वरून रंग मारला. इंजिनाच्या हादऱ्याने पुट्टी सुटली, रंगाने ते झाकून ठेवलं. त्या दिवसापासून जुनी होडी हातात आली की मी आधी विचारतो, या फळीवर पूर्वी काय काय लावलं होतं?

छोटे स्क्रू आणि इंजिनाचे बोल्ट

सेन्सर, शिडी, गंज स्वतःवर घेणारी जस्ताची पट्टी, जे काही पाण्याच्या रेषेखाली फळीवर स्क्रूने लावलंय ते सगळं संशयित. एकेक काढा. भोकाचं लाकूड कोरडं असेल तर भोक थोडं मोठं करा, ॲसिटोनने पुसा, पावडर मिसळून घट्ट केलेली एपॉक्सी (एक प्रकारचं रेझिन) भरा, पूर्ण कडक होऊ द्या आणि मग त्या एपॉक्सीच्या मधोमध नवं बारीक भोक पाडा. आता स्क्रू एपॉक्सीत बसला, लाकडाला त्याचा स्पर्शच नाही. उद्या सीलंट सुटलं तरी पाणी लाकडापर्यंत पोचणार नाही. या कामातली माझी एकच युक्ती शिकायची असेल तर ही शिका.

इंजिनाच्या बोल्टलाही तत्त्व हेच, पण वजन वेगळं. ४० हॉर्सपॉवरचं इंजिन ऐंशी ते शंभर किलोपर्यंत भरतं. नुसतं सीलंट बदलायचं असेल तर चारपैकी एका वेळी एकच बोल्ट काढा, इंजिनाला दोरीचा आधार ठेवून. दोन बोल्ट एकाच वेळी कधीच नाही. काढलेला बोल्ट नीट बघा. हवा न लागणाऱ्या ओल्या भोकात स्टेनलेससुद्धा खड्डे पडून गंजतं, वरून चकचकीत आणि मधे खाल्लेलं. खड्डे दिसले तर नवा घ्या, ३१६ ग्रेडचा. ३०४ ग्रेड खाऱ्या पाण्यात लवकर डागाळतो.

बाहेरच्या बाजूने भोकाची कड थोडी उतरती करा, म्हणजे बोल्ट आवळल्यावर त्या खोबणीत सीलंटचं एक कडं शिल्लक राहतं. सपाट कडेवर ते सगळं दाबून बाहेर येतं आणि फळी-धातूमध्ये काहीच उरत नाही. सीलंट पॉलियुरेथेनचं, पाण्याखाली चालणारं. ते बोल्टच्या टोपीखाली आणि दांड्याला लावा. मग टोपी पान्याने धरून ठेवा आणि फक्त आतला नट फिरवा. टोपी फिरली की लावलेलं कडं तुटतं. आतल्या नटाला सीलंट लावू नका. बाहेरून कधी पाणी शिरलंच तर ते आत दिसायला हवं, लपायला नको. इंजिनाचे बोल्ट त्याच वेळी पूर्ण आवळायचे. छोट्या फिटिंगचे मात्र आधी हलकेच, आणि सीलंट धरल्यावर दुसऱ्या दिवशी पाव फेरा.

३एम ५२०० सारखं कायमचं सीलंट बोल्टला वापरताना विचार करा. पूर्ण कडक व्हायला पाच ते सात दिवस लागतात, आणि धरल्यावर पुढे सोडवताना फायबरचा थर सोबत निघू शकतो. मी बोल्टला सोडवता येणारं वापरतो.

छोटं इंजिन, जे नुसत्या हातस्क्रूने चिमट्यासारखं बसतं, त्याच्या स्क्रूंच्या चकत्या फळीत रुतून फायबर फोडतात. तिथे आतून एक जाड प्लास्टिकची किंवा ॲल्युमिनियमची पट्टी द्या. आणि इंजिनाच्या केबली जिथून आत येतात तिथलं रबर चिरलंय का पाहा. मागून लाट आली की पाणी तिथूनच येतं, आणि खापर फळीवर फुटतं.

लाकूड जिवंत आहे का?

स्क्रू-ड्रायव्हरच्या प्लास्टिकच्या मुठीने फळीवर वरून खाली, दर दोन इंचांवर ठोका. कोरडं लाकूड टणटणीत बोलतं, कुजलेलं बद्द. वरच्या कोपऱ्यातला चांगला आवाज आधी कानात बसवा, मग खाली या. मग इंजिन वर उचललेल्या स्थितीत त्याच्यावर अंगाचा भार हळूहळू द्या, आणि दुसऱ्या माणसाला फळीची वरची कड बघायला सांगा. कड बाजूच्या भिंतीपासून हललेली डोळ्यांना दिसली की तिथेच थांबा.

शंका असेल तर आतल्या बाजूने, खाली, ५ मिलिमीटरचं भोक पाडा. ड्रिलच्या पात्याला चिकटपट्टी गुंडाळून खोली बांधून घ्या, बाहेरचा थर फुटता कामा नये. आणि पुन्हा सांगतो, पेट्रोलची टाकी होडीत असताना इलेक्ट्रिक ड्रिल चालवायची नाही. भुगा पिवळसर, कोरडा, लाकडाच्या वासाचा असेल तर भोक एपॉक्सीने बुजवा आणि निश्चिंत व्हा. काळा, चिकट, कुबट वासाचा आला तर तुमचं काम इथे संपलं, पुढचं मिस्त्रीचं. एकदा सारसोळ्याला अशा भोकातून पाण्याची धार लागली, आणि बाहेरून त्या फळीला नवा रंग होता. मालकाने ती होडी दोनच महिन्यांपूर्वी घेतली होती. त्याचा चेहरा मला अजून आठवतो. जुनी होडी घेताय, तर पैसे देण्याआधी ठोकून बघा.

इथे थांबा, मिस्त्रीला बोलवा

इंजिनावर भार दिल्यावर फळी हलते. ओलं लाकूड तळहाताहून मोठ्या भागात आहे. फळी आणि तळ किंवा बाजू जुळतात त्या कोपऱ्यात तडा आहे, मग तो केसाएवढा का असेना. इंजिन उतरवावं लागणार आहे आणि तुमच्याकडे चेन कुप्पी (जड वजन उचलायची साखळीची कप्पी) नाही. इंजिन होडीच्या आत आणि पाय फळीच्या बाहेर अशी स्पीडबोट असेल तर तिचे रबरी भाते आणि मधला गॅस्केट हे काम त्या इंजिनाच्या मेकॅनिकचंच. या पाचपैकी काहीही असलं तर हात लावू नका, आणि पहिल्या तिन्हींत तर होडी खाडीतही नेऊ नका. फळी सुटली की इंजिन जातं आणि पाणी डब्याने उपसण्याच्या पलीकडे असतं.

रेझिनचं काम घरी करून बघू असं वाटत असेल तर एवढं ध्यानात घ्या: पॉलिएस्टर रेझिनचा हार्डनर आणि ते लवकर धरावं म्हणून घालतात तो कोबाल्ट एकमेकांत थेट मिसळले तर स्फोट होऊ शकतो, आणि हार्डनरचा थेंब डोळ्यात गेला तर दृष्टी जाऊ शकते.

मिस्त्रीला तीन गोष्टी विचारा. प्लायवूड कोणतं? शिक्का आयएस ७१० चा हवा, तो मरीन प्लायचा. आयएस ३०३ चं घेऊ नका, दुकानदार वॉटरप्रूफ म्हणाला तरी. लाकडाला रेझिन कोणतं? मी एपॉक्सी सांगेन, लाकडाला ती जास्त पक्की धरते. आणि फळी किती दिवस वाळवणार? ‘उद्या बंद करतो’ म्हणणाऱ्याला काम देऊ नका. प्रवासी नेणारी बोट असेल तर फळी उघडण्याआधी महाराष्ट्र सागरी मंडळाच्या सर्व्हेअरशी बोला.

कधी करायचं

१ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद, होड्या वर, म्हणून सगळे हे काम पावसाळ्यात काढतात. अडचण अशी की तेव्हाच हवा सगळ्यात ओली असते. लाकूड वाळत नाही, एपॉक्सीवर चिकट थर येतो. आणि जुलैच्या शेवटच्या आठवड्यात घाई सुरू होते, कारण नारळी पौर्णिमा तोंडावर असते. सिलिकॉनच्या ट्यूबा तेव्हाच निघतात.

म्हणून बूच, स्क्रू, बोल्ट एवढंच असेल तर पावसाच्या उघडीपीत ताडपत्रीखाली करून घ्या. लाकडाचं काम असेल तर होडी एप्रिलमध्येच वर काढा, किंवा ऑक्टोबरच्या उन्हापर्यंत थांबा. दोन महिन्यांचा धंदा जातो हे मला कळतं, माझ्या घरातही तेच पैसे येतात. तरीही मी ओल्या फळीवर फायबर चढवत नाही, आणि गिऱ्हाईक रागावून गेलं तरी ते तसंच ठेवलंय.

काम झाल्यावर प्रत्येक नटाला आणि त्याच्या वायसरला मिळून मार्करने एक सरळ रेघ ओढा, शेजारी तारीख लिहा. पहिली उधाणाची भरती गेली की बघा, मग महिन्याने. रेघ जुळलेली आहे आणि वायसर फायबरवर सपाट बसलाय, तर होडी न्या.